बेडूक टर्पीन स्वतः बनवतात, की खाण्यातून मिळवतात?

तुमचं म्हणणं असं, की टर्पीन (५ कार्बनच्या तुकड्यांपासून बनणारी, बरेचदा वासाची संयुगं) झाडांची. मग ती बनवणारी एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, बेडकात आली कुठून? मी नागपुरात बीएस्सीला जीवरसायन शिकवतो. इथे टर्पीनची ओळख संत्र्यापासूनच होते: साल दाबली की डोळ्यात उडणाऱ्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं.

पण निम्मा कारखाना बेडकातही आहे, आणि तुमच्यातही. अ‍ॅसिटिल-कोए या पेशीतल्या छोट्या संयुगाचे तीन रेणू जुळतात, एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम त्यातून मेव्हॅलोनेट करतं (कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळी अडवते ते हेच एन्झाइम), आणि पुढे ५ कार्बनचा तुकडा तयार होतो. हे तुकडे जोडत ५, १०, १५ अशी साखळी वाढते. संत्र्यात १० कार्बनची साखळी लिमोनीन सिंथेज या एन्झाइमच्या हाती पडते आणि तिचं कडं होतं. प्राण्यांत ती सहसा १५ पर्यंत जाते. अशा दोन जोडल्या की ३० कार्बनचं स्क्वालीन.

आता खरी गंमत. पावसाळ्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या बाजूला निघतात ते खडबडीत कातडीचे मोठे बेडूक पाहिले असतील. त्यांच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात, आणि त्यातलं विषही याच स्क्वालीनपासून बनतं. स्क्वालीनला आधी एक ऑक्सिजन चिकटतो, मग लॅनोस्टेरॉल सिंथेज हे एन्झाइम ती अख्खी लांब साखळी एका झटक्यात चार कड्यांत दुमडतं, ते लॅनोस्टेरॉल. मला विचाराल तर जीवरसायनातली ही सगळ्यात देखणी प्रक्रिया! लॅनोस्टेरॉलपासून कोलेस्टेरॉल, आणि त्यापासून ग्रंथीतल्या पांढऱ्या चिकातलं ब्युफॅडायनोलाइड हे विष. ते हृदयपेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं. म्हणून कुत्र्याने असा बेडूक तोंडात धरला तर थेट पशुवैद्याकडे न्या.

वासाच्या, उडून जाणाऱ्या टर्पीनांचं प्रकरण वेगळं. काही आफ्रिकी बेडकांच्या नरांच्या गळ्यातल्या ग्रंथीत फ्रोगोलाइड हे १५ कार्बनच्या टर्पीन साखळीपासूनचं संयुग सापडलंय. पण सापडलं म्हणजे बेडकानेच बनवलं, असं लगेच धरू नका. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडबेडकाच्या वासातली पायराझिनं (ही टर्पीन नव्हेत) त्याच्या कातडीवरचे स्यूडोमोनास जिवाणू बनवतात, हे २०१९ साली दाखवलं गेलं. उलट काही भुंग्यांनी साखळी जोडणाऱ्या एन्झाइममध्येच बदल होत होत स्वतःचं टर्पीन सिंथेज कमावलंय. म्हणजे प्राण्यांना ते अशक्य नाही.

त्यामुळे एखाद्या शोधनिबंधात 'बेडकाचं टर्पीन एन्झाइम' असं दिसलं, तर एवढंच बघा: बेडकाच्या जनुकावरून ते एन्झाइम वेगळं तयार करून, त्याला १० किंवा १५ कार्बनची साखळी देऊन, परीक्षानळीत तेच संयुग मिळालं का?