क्वांटमच्या क्लासची फी भरण्याआधी (लांबलचक उत्तर आहे, चहा घेऊन बसा)

क्वांटम कॉम्प्युटिंगचा क्लास लावावा का, ही तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, हे मीच लिहिलंय की काय. डोंबिवली ते पवई रोजची धावपळ, बँकेच्या प्रोजेक्टवर जावा, मॅनेजरने सोडलेली ‘क्वांटम येतंय, तयार राहा’ ही पुडी, आणि हातात शनिवार-रविवारच्या क्लासचं माहितीपत्रक. मी ठाण्याचा आणि बँकेऐवजी विमा कंपनीच्या आयटीत, एवढाच काय तो फरक.

आधीच सांगतो, मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. खाली काही चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा. क्यूबिट (क्वांटम संगणकाचा बिट), सुपरपोझिशन (० आणि १ यांचं मिश्रण) वगैरे तुम्ही वाचलेलं आहे असं धरून चालतो, यूट्यूबवर ते ढिगाने आहे.

तुम्ही विचारलंय, ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो, मग तो प्रत्येक कामात वेगवान का नाही?’ हे वाक्य बहुतेक त्या माहितीपत्रकातच छापलेलं असणार. आमच्या क्लासमध्येही पहिल्या दिवशी तेच, सोबत हवेत उडवलेल्या नाण्याचं चित्र. छापाही आणि काटाही. अहो, पण मोजलं की उत्तर एकच हाती येतं, आणि कुठलं येईल ते आपल्या हातात नसतं. अब्ज उत्तरांतून कुठलंतरी एकच मिळणार असेल, तर तेवढं काम साधा रँडम नंबर जनरेटरही करतो की!

खरी गोम पुढे आहे. क्यूबिट ० वर ठेवा, त्याला हॅडामार्ड गेट (क्यूबिटवर करायची एक ठरलेली क्रिया) लावा आणि मोजा. निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १. इथपर्यंत नाणं चालतं. आता मध्ये न मोजता हॅडामार्ड दोनदा लावा आणि मग मोजा. नाणं न बघता पुन्हा उडवलं तरी पन्नास-पन्नासच राहतं. क्यूबिट मात्र दर वेळी ० देतो. कारण प्रत्येक वाटेला एक अधिक किंवा उणे आकडा असतो, त्याला अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणतात आणि त्याच्या वर्गातून संभाव्यता मिळते. १ कडे जाणाऱ्या वाटा दोन, एकीचं अ‍ॅम्प्लिट्यूड अधिक अर्धा, दुसरीचं उणे अर्धा. बेरीज शून्य. ० कडच्या दोन्ही वाटा अधिक अर्धा, बेरीज एक. संभाव्यता कधी उणे नसते, अ‍ॅम्प्लिट्यूड असू शकतं. सगळा खेळ त्या उणे चिन्हाचा आहे. चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराच्या वाटा जुळून येतील अशी रचना शोधणं, हाच क्वांटम अल्गोरिदम.

अशी रचना फार थोड्या प्रश्नांना सापडली आहे. पीटर शोर यांना १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी सापडली, कारण त्या प्रश्नाच्या पोटात एक आवर्तन (ठरावीक अंतराने तेच आकडे परत येणं) दडलेलं असतं. लव ग्रोव्हर यांची १९९६ ची शोधपद्धत जवळपास कुठल्याही शोधाला लावता येते, पण फायदा वर्गमुळाइतकाच. दहा लाख शक्यता असतील तर वर्गमूळ हजार, प्रत्यक्षात आठएकशे फेऱ्या. तुमच्या एसक्यूएल क्वेरीला (डेटाबेसमधल्या शोधाला) यातून काही मिळणार नाही.

एवढं साधं गणित क्लासने शिकवलं नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार काढला की अर्धी बॅच गळते, असं तिथल्या शिक्षकानेच मला जिन्यात सिगरेट ओढताना सांगितलं. ‘प्रत्यक्ष क्वांटम मशीनवर प्रात्यक्षिक’ असं जाहिरातीत होतं. त्या दिवशी दोन क्यूबिट एकमेकांत गुंतवून (म्हणजे दोघांचं उत्तर नेहमी सारखंच यावं असं करून) हजारदा मोजले. पडद्यावर दोन उंच पट्ट्या, ०० आणि ११. ०१ किंवा १० एकदाही नाही! खऱ्या मशीनवर इतका स्वच्छ आलेख येत नाही, गेटच्या आणि वाचनाच्या चुकांमुळे काही ०१-१० पडतातच. म्हणजे तो लॅपटॉपवरचा सिम्युलेटर, क्वांटम मशीनची नक्कल करणारा साधा प्रोग्रॅम होता. काउंटरवर विचारलं तर उत्तर, ‘सर, सर्व्हर क्लाउडवर असतो, तुम्हाला दिसणार नाही.’ फी परत मागितली तर ‘पुढच्या बॅचला मोफत बसा’. ईमेलला उत्तर नाही, पावती मागितली तर अकाउंट्सवाले सुट्टीवर. मी अर्ध्यात सोडल्यामुळे सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही म्हणून आमच्या एचआरनेही हात वर केले. नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको.

खरं मशीन हवं असेल तर आयबीएमने २०१६ पासून ते इंटरनेटवर खुलं ठेवलंय, थोडा वेळ फुकटही मिळतो. किस्किट (क्वांटम प्रोग्रॅम लिहिण्याचं आयबीएमचं साधन) शिका. एक टीप, दोन हॅडामार्ड लावून बघताना मध्ये ‘बॅरियर’ (इथे काही बदलू नको, अशी खूण) टाका, नाहीतर ट्रान्सपायलर (प्रोग्रॅम मशीनजोगा करून देणारा भाग) दोन्ही गेट उडवून टाकतो आणि तुम्ही काहीच न केलेलं मोजत बसता.

आता नोकरीचं. बँकेला धोका शोरच्या अल्गोरिदमचा आहे, कारण डेटा कुलूपबंद ठेवणारी आरएसए ही पद्धत मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावरच उभी आहे. पण २०४८ बिटांची आरएसए फोडायला २०१९ च्या एका अंदाजाने दोन कोटी क्यूबिट लागत होते, २०२५ मध्ये तो अंदाज दहा लाखांच्या आत आला. गूगलच्या २०२४ च्या विलो चिपवर १०५ आहेत. आपल्या कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेने डीआरडीओ आणि टीसीएसबरोबर २०२४ मध्ये जो प्रोसेसर तपासला तो ६ क्यूबिटांचा. हसू नका, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या थंडीत सहा क्यूबिट सांभाळणं सोपं नाही.

पण म्हणून बँकेने हातावर हात ठेवून बसायचं नाही. आज चोरून साठवलेला डेटा पुढे उघडता येईल. त्यावरचा उपाय साध्याच संगणकावर चालतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये, क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये अशा नव्या एन्क्रिप्शनची आणि डिजिटल सहीची मिळून तीन मानकं जाहीर केली. तुमच्या जावा कोडमध्ये आरएसए कुठे-कुठे गाडलंय याची यादी करणारा माणूस बँकेला हवा असणार, आणि त्या कामाला क्वांटमचा क्लास लागत नाही. माझं मत विचाराल तर तिकडेच वळा.

बाकी शेअर बाजार, ट्रॅफिक, एआय सगळं क्वांटम सोडवणार, असं कुणी म्हटलं की मी खिसा सांभाळतो. रेणू आणि पदार्थांचं गणित मात्र मला पटतं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मूळ कल्पना त्यासाठीच मांडली होती. निसर्गच क्वांटम आहे, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही तसंच हवं. नवी औषधं, बॅटऱ्या, खतांसाठीचे उत्प्रेरक तिथून येऊ शकतात, पण त्यासाठी रसायनशास्त्र यावं लागतं.

तरी हौस असेलच तर आधी लिनिअर अल्जेब्रा (मॅट्रिक्सचं गणित) पक्कं करा, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर फुकट आहे. टीआयएफआरची मंडळी जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम घेतात, तिथे बिनधास्त काहीही विचारता येतं. आणि क्लासलाच जायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून प्रात्यक्षिकाच्या मशीनचं नाव आणि परताव्याचा नियम, दोन्ही ईमेलवर लेखी घ्या. तोंडी सांगितलं तर उठून या.