चुकामूक फक्त नऊ तासांची: ‘बर्क अँड विल्स’बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात १९८५ सालच्या ‘बर्क अँड विल्स’ या ऑस्ट्रेलियन सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, मेलबर्नहून निघून वाळवंट पार करत उत्तरेच्या समुद्रापर्यंत गेलेल्या आणि परतीच्या वाटेवर संपलेल्या मोहिमेचा तो सिनेमा. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले तीन घेते.

प्रश्न: ताई, सिनेमा बघितला. हे लोक मरतमरत तळावर पोचतात आणि बाकीचे त्याच सकाळी निघून गेलेले असतात. जरा जास्तच फिल्मी नाही का वाटत? खरंच असं झालेलं का?

झालेलं. २१ एप्रिल १८६१. कूपर क्रीकच्या काठावरचा तळ, तिथे मोहिमेतलाच विल्यम ब्राहे आणि त्याचे सोबती, मोहिमेचा प्रमुख बर्क उत्तरेहून परत येईल म्हणून चार महिन्यांपेक्षा जास्त वाट बघत बसलेले, सांगितलं होतं तीनच महिने थांबायला. एकजण जखमी होऊन अंथरुणाला खिळलेला, बाकीच्यांनाही स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार) व्हायला लागलेला, म्हणून शेवटी त्या सकाळी ते निघाले. संध्याकाळी बर्क आणि त्याचे सहकारी विल्स आणि किंग दोन उंट घेऊन तिथे पोचले. मधे गेले साधारण नऊ तास. चौथा सोबती ग्रे चारच दिवस आधी वाटेत वारला होता आणि त्याला पुरण्यात यांचा अख्खा एक दिवस गेलेला. तो एक दिवस हिशोबात धरला की पोटात गोळा येतो माझ्या.

जाताना ब्राहेने झाडावर ‘खणा’ अशा अर्थाचा शब्द कोरला आणि खाली पीठ, तांदूळ, साखर, सुकं मांस असं पुरून ठेवलं, तेवढ्यावर हे तिघे थोडे सावरले. ब्राहे त्या रात्री जेमतेम २२ किलोमीटरवर मुक्कामाला होता, पण यांच्यात चालायचीच ताकद नव्हती. मग बर्कने ठरवलं की आलो त्या वाटेने नको, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट होपलेस इथल्या गुरांच्या वस्तीकडे जाऊ. जाताना चिठ्ठी लिहून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरली, वरची माती सारखी केली, आणि झाडावर नवीन खूण केलीच नाही! ८ मेला ब्राहे काळजीने परत आला तर सगळं जसंच्या तसं, त्याला वाटलं इथे कोणी आलंच नाही, पाव तास थांबून गेला. मला विचाराल तर नऊ तासांपेक्षा ही दुसरी चुकामूक जास्त छळते, कारण पहिली नशिबाची म्हणता येईल, ही नाही.

प्रश्न: ऑस्ट्रेलियात उंट कुठून आले? का सिनेमासाठी घुसवलेत?

नाही हो, उंट खरेच होते आणि आपल्या बाजूचेच. जॉर्ज लँडेल्स नावाच्या माणसाने कराचीहून २४ उंट जहाजाने मेलबर्नला नेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सोबत उंट सांभाळणारी माणसंही गेली. शेवटच्या दोन उंटांपैकी एकाचं नाव ‘राजा’ होतं. त्या माणसांमधला सामला हिंदू, त्याला तिथलं गोमांस चालेना म्हणून तो सुरुवातीलाच मोहीम सोडून गेला. दोस्त महंमद मात्र राहिला, त्याची कबर आजही मोहिमेच्या वाटेवरच्या मेनिंडी गावाजवळ आहे. या लोकांवर सिनेमाने अजून वेळ द्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. लँडेल्सने उंटांसाठी म्हणून ६० गॅलन रम घेतली होती, त्यावरून बर्कशी भांडण झालं आणि त्याने मेनिंडीला राजीनामा दिला.

प्रश्न: पाणी होतं, मासे होते, आसपास माणसं राहत होती, मग हे उपाशी का मेले? हे काही केल्या पटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कूपर क्रीक हे यांड्रुवांधा लोकांचं घर, ते तिथे पिढ्यान् पिढ्या नीट खाऊनपिऊन जगत होते. त्यांनी या तिघांना मासे दिले, आणि नार्डूच्या भाकऱ्या दिल्या. नार्डू म्हणजे नेच्याच्या जातीतली पाणवनस्पती, पान चार पाकळ्यांचं, आणि मुळाशी कडक दाण्यांसारखी बीजाणूंची फळं. ती दळून खातात, पण त्यात ब१ जीवनसत्त्वाची वाट लावणारा घटक असतो, म्हणून यांड्रुवांधा बायका त्यावर नीट प्रक्रिया करायच्या, भाजणं, दळणं, भरपूर पाणी वापरणं, आणि नुसत्या नार्डूवर राहायच्याही नाहीत. सुरणाला आपण चिंच-आमसूल का लावतो ते घरात बघूनच कळतं ना, तसंच. हे तिघे मात्र जमेल तसं दळून तेच खात राहिले. पोट भरायचं पण पाय उचलायचे नाहीत, विल्सने डायरीत शेवटीशेवटी लिहिलंय की नार्डूवर उपाशी मरणं तसं फार त्रासाचं नाही, फक्त अशक्तपणा इतका की हलता येत नाही. वय २७! हा बेरीबेरी, म्हणजे ब१ जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार असावा असं आज बरेच अभ्यासक मानतात.

आणि बर्क. आयर्लंडचा, पोलिसात अधिकारी, रानावनाचा अनुभव शून्य. त्या लोकांची मदत घेणं त्याला जड गेलं, एकदा त्याने देऊ केलेले मासे हातातून उडवले आणि किंगला त्यांच्या डोक्यावरून गोळी झाडायला सांगितलं. साहजिकच ते लोक लांब गेले. जून संपता संपता विल्स आणि बर्क दोघेही गेले.

किंग वाचला, कारण तो त्यांच्यात जाऊन राहिला. १५ सप्टेंबरला शोधपथकाला तो सापडला तेव्हा नुसती हाडं उरलेली. त्यानेच नंतर सांगितलं की बर्क कुठे पडलाय ते बघायला त्या लोकांना घेऊन गेलो, तेव्हा ते सगळे रडले आणि झाडाच्या फांद्या आणून त्यांनी त्याचं शरीर झाकलं. ज्याने त्यांच्यावर बंदूक चालवायला लावली होती, त्याचं.