इंग्रजीत 'नीड' आणि 'डेअर' यांना सेमी-मोडल का म्हणतात?

कारण ही क्रियापदं दोन्हीकडे वावरतात: कधी मोडलसारखी, म्हणजे मुख्य क्रियापदाला जोडून शक्यता, गरज वगैरे दाखवणाऱ्या सहायक क्रियापदांसारखी, तर कधी साध्या क्रियापदांसारखी. 'कॅन', 'मस्ट' ही पक्की मोडल: त्यांना 'एस' लागत नाही, पुढे 'टू' येत नाही, नकारासाठी 'डू' लागत नाही. 'नीड' आणि 'डेअर' हे नियम पाळतात, पण मुख्यतः नकारार्थी आणि प्रश्नार्थक वाक्यांत: 'ही नीडन्ट गो'. एरवी ती साधी क्रियापदं असतात: 'ही नीड्स टू गो', 'ही डझन्ट नीड टू गो'. एकाच वाक्यात दोन्ही पद्धती मिसळून 'ही नीडन्ट टू गो' म्हटलं की चुकलं.

खरी गंमत भूतकाळात आहे, आणि इथे नीट लक्ष द्या. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे मी गेलो, पण जायची गरज नव्हती. 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे जायची गरज नव्हती. गेलो की नाही, हे संदर्भावरून कळतं. हा फरक परीक्षेतही हमखास विचारतात.

'यूज्ड टू'लाही बरेच जण याच गटात धरतात. ते फक्त भूतकाळातल्या सवयीसाठी किंवा स्थितीसाठी. 'डिड' आलं की लिहिताना शेवटचा 'डी' गळतो: 'डिड यू यूज टू स्मोक?' बोलण्यात 'नीडन्ट'पेक्षा 'डोन्ट नीड टू' जास्त ऐकू येतं, तेच आधी पक्कं करा.