लंडनला निघण्याआधी

कराडहून विचारलंस, "ताई, साताऱ्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली केलीय. लंडनला मास्टर्स करून युद्धातल्या मानवी हक्कांच्या केसेस लढायला शिकायचंय. येऊ का? मुलगा पाच वर्षांचा आहे."

व्हिसा, त्याची फी, बँकेतली शिल्लक सगळं सरकारी साइटवर आहे. एवढंच नीट वाच: जानेवारी 2024 पासून एक वर्षाच्या मास्टर्सला येणाऱ्या बहुतेकांना मूल सोबत आणता येत नाही. आणि दाखल्यांवरचं नाव आधी एकसारखं करून घे. माझ्या पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. एका कचेरीत सात खेपा घातल्या, प्रत्येक वेळी नवं प्रतिज्ञापत्र.

या कामात भाषणं कमी, कागद जास्त. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टात जायचं तर ज्या देशाविरुद्ध तक्रार, आधी त्याच देशातली कोर्टं पालथी घातलेली दाखवावी लागतात. शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज. 2022 पर्यंत सहा होते. अर्ज अर्धवट गेला तर मुदत धावतच राहते. रशियातल्या चेचन्याच्या युद्धाबद्दलच्या पहिल्या निकालांपैकी एकाचा, 2005 च्या खाशियेव आणि अकायेवा केसचा, आम्ही आठवडाभर कीस पाडला. अर्जदारांच्या नातलगांना रशियन सैनिकांनी मारलं हे कोर्टाने मानलंच, पण तपास धड केला नाही हाही जगण्याच्या हक्काचा वेगळा भंग ठरवला. म्हणजे जबाब कुणाचा घेतला नाही, पंचनाम्यात काय सुटलं, हेच शोधायचं. ते तू साताऱ्याला रोज करतेस गं! आपल्या सुप्रीम कोर्टाचा मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींतल्या 1528 मृत्यूंच्या याचिकेवरचा 2016 चा निकाल वाच. असं काम करायला परत जाईन म्हणून मी निघाले होते. गेले नाही.

एकटेपणा असतो. सवय होते.

मुलीच्या शाळेचं मात्र अजून सलतं. मी आले तेव्हा मूल आणता यायचं. पहिल्याच सत्रात बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला. कोर्टात पुरावा मागणारी मी, तिथे नुसती मान हलवली. त्याच रात्रीपासून तिला "जेवायला ये" म्हणायचं बंद केलं. परवा आईने साताऱ्याहून व्हिडिओवर विचारलं, "बाळा, वेणी कोण घालतं तुझी?" मुलीने माझ्याकडे बघितलं. साक्षीदाराजवळ दुभाषी बसतो, तशी मी दोघींच्या मध्ये बसले आणि सांगितलं.