थांबायचं, पण कशाच्या भरवशावर? ज्येष्ठांचा कर्करोग आणि कोरोना

वाचकांचे प्रश्न, जून 2021

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य सारखं येतं: ‘कोरोना ओसरू दे, मग बघू.’ पेशंट सत्तरीचा असला की ते जरा जास्तच लवकर तोंडी येतं. काही कर्करोगांत हे चालतं, काहींत मुळीच नाही, आणि याचा निकाल जन्मतारखेवरून लागत नाही. उत्तरं कर्करोगतज्ज्ञांच्या गटाने दिली आहेत.

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनात तीन सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि लेट्रोझोलची रोज एक गोळी दिली. नातेवाईक म्हणतात, म्हातारं माणूस म्हणून गोळीवर बोळवण केली. खरं काय? (सांगली)

बोळवण की उपचार, हे बायोप्सीच्या रिपोर्टवरून कळेल. त्यात ईआर, पीआर (गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का ते सांगणारे) आणि हर-टू (गाठ जोरात वाढवणारं प्रथिन) असे तीन शब्द शोधा. ईआर ठळक पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असेल, तर ऑपरेशनआधी लेट्रोझोल (शरीरातलं स्त्री-हार्मोन कमी करणारी गोळी) 2.5 मिलिग्रॅम रोज हा मान्य उपचार आहे आणि ज्येष्ठ स्त्रियांना तो कोरोनाच्या आधीपासून दिला जातो. गाठ सावकाश आक्रसते. नीट असर दिसायला तीन ते सहा महिने लागतात. ईआर निगेटिव्ह असेल तर मात्र ही गोळी घेऊन वाट पाहणं म्हणजे गाठीला मोकळं रान देणं.

गडबड होते ती पुढे. दुखत नाही, गोळी चालू आहे, म्हणून कुणी तपासायलाच जात नाही. सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी गाठ हाताने तपासायला हवी. तीन महिन्यांनी सोनोग्राफी करा, तीही शक्यतो पहिल्याच ठिकाणी, म्हणजे मापांची तुलना करता येते. गाठ वाढलेली दिसली तर थांबणं तिथेच संपलं. गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली आहे का, हेही विचारा. गोळीने गाठ अगदीच लहान झाली तर सर्जनला नेमकी जागा त्या क्लिपवरूनच सापडते.

लेट्रोझोलने हाडं विरळ होतात आणि सकाळी सांधे धरतात. ‘गुडघे फार दुखतात’ म्हणून परस्पर गोळी बंद करणाऱ्या आजी बऱ्याच. त्यामुळे सुरुवातीलाच हाडांच्या घनतेची (डेक्सा) तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचं विचारून घ्या.

पुढे रेडिएशन लागलं तर एकाच आठवड्यात पाच सत्रांत संपणारा कोर्स जमेल का, हेही विचारा. एप्रिल 2020 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यानुसार एका आठवड्यातली पाच सत्रं ही तीन आठवड्यांतल्या पंधरा सत्रांच्या तोडीची ठरतात. सत्तरीतल्या बाईंच्या दहा फेऱ्या वाचतात.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, तंबाखू खातात. गालाच्या आत जखम आहे, तुकडा तपासला तर कर्करोग आला. मुंबईला नेण्याची भीती वाटते. दिवाळीपर्यंत थांबलं तर? (परभणी)

नको. तोंडाचा कर्करोग वाट पाहत नाही. गालातली जखम पाहता पाहता जबड्याच्या हाडात आणि मानेतल्या गाठींत उतरते, आणि आज निघण्यासारखी असलेली गाठ दिवाळीत कदाचित काढण्यापलीकडे गेलेली असेल. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कर्करोगांच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका सुमारे 6 ते 8 टक्क्यांनी चढतो, असं त्यात दिसलं.

भीतीला आधार नाही असं नाही, पण तीही मापून घ्या. 2020 च्या पहिल्या टाळेबंदीत मुंबईच्या टाटा मेमोरियलने 494 कर्करोग शस्त्रक्रिया केल्या; त्यांत एकही मृत्यू झाला नाही. हा आकडा आम्ही ज्येष्ठांना जपून सांगतो, कारण त्यातले बहुतेक पेशंट साठीच्या आतले होते.

मुंबईच गाठायला हवी असंही नाही. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं (तेव्हाचं औरंगाबाद) शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहे. बार्शी आणि नागपुरातही रेडिएशनची सोय आहे. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पत्र भरती होण्याआधीच करून घ्या.

ऑपरेशननंतर रेडिएशन लागलं तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. किडके दात त्याआधी दोन आठवडे काढून टाका. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. आणि एकदा सुरू झालं की खंड नको. एका दिवसाच्या खंडानेही गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने घटते. मशीन बंद पडलं किंवा गाडी मिळाली नाही, तर बुडालेलं सत्र शनिवारी किंवा सहा तासांच्या अंतराने त्याच दिवशी दुसरं घेऊन भरून काढता येतं. ते मागायला लाजू नका.

ऑपरेशनची तारीख लांबलीच, तर मधल्या काळात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकोक्सिबच्या कमी डोसच्या गोळ्या काही ठिकाणी देतात. त्या आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर जीवावर बेततं. डबीवर वार लिहून ठेवा.

प्रश्न : आई 72 वर्षांची. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, केमोचे तीन डोस झाले आणि कोरोना झाला. आता बरी आहे. उरलेले पाच डोस द्यायचे का? (नाशिक)

आठ डोस म्हणजे बहुधा कॅपेसिटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन, दर तीन आठवड्यांनी, असं आम्ही धरतो. फाइलमधला टप्पा पाहा. तिसरा टप्पा, पण फक्त एक ते तीन लसिकाग्रंथींत रोग आणि मूळ गाठ टी-4 (आतड्याच्या भिंतीच्या बाहेर गेलेली) नसेल, तर सहा महिन्यांऐवजी तीन महिने, म्हणजे चार डोस, जवळपास तेवढेच गुणकारी ठरतात. मग आईंचा कदाचित एकच डोस उरला असेल. सत्तरीनंतर ऑक्सॅलिप्लॅटिनचा वाढीव फायदा तसाही थोडाच असतो, तळपायांच्या मुंग्या मात्र वर्षानुवर्षं राहतात. नुसत्या कॅपेसिटाबिनचा पर्याय डॉक्टरांशी बोला.

लक्षणं गेल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी, दम आणि ऑक्सिजन पाहून, केमो पुन्हा सुरू करतात. आरटी-पीसीआर काही वेळा आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. त्या एका कागदासाठी केमो अडवू नये. कोरोनात स्टेरॉइड दिलं होतं का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. केमोच्या दिवशीही डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच देतात, साखर भडकते आणि काळ्या बुरशीला (म्युकरमायकोसिस) वाट मिळते. एका बाजूचा गाल दुखणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

एक गोष्ट 2021 च्या दुसऱ्या लाटेत फार महागात पडली. केमोच्या डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की घरचे तो कोरोना समजून पॅरासिटामोल देतात आणि स्वॅबच्या रांगेत उभे राहतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कुणी करत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली असतील तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. स्वॅब घ्या, पण सीबीसीही त्याच वेळी पाठवा. आणि वृद्धांना कधी कधी ताप येतच नाही. जेवण सुटणं, बरळणं, बाथरूममध्ये तोल जाणं एवढंच दिसतं. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. रात्री अनोळखी हॉस्पिटलात तीच उपयोगी पडते.

प्रश्न : वडील 79, प्रोस्टेटचा कर्करोग, ग्लीसन 6, पीएसए 7. थांबू का? (पुणे)

हो. ग्लीसन म्हणजे बायोप्सीत दिसणारी रोगाची आक्रमकता, आणि 6 असेल तर हा रोग सावकाश चालतो. दर सहा महिन्यांनी पीएसए ही रक्ततपासणी करा. ग्लीसन 8 किंवा वर असता तर उत्तर वेगळं असतं. तेव्हाही हार्मोनचं इंजेक्शन देऊन काही महिने मिळवता येतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, बाबा कोल्हापुरात, वय 76. गुदाशयाचा कर्करोग. ‘वय पाहता रिस्क आहे’ म्हणून ऑपरेशन पुढे टाकलं, तारीख दिली नाही. फोनवर काय विचारू? (एडिसन)

पहिला प्रश्न: रिस्क कशावरून ठरवली? भूक, घटलेलं वजन, हिंडणं-फिरणं, स्मरणशक्ती, गोळ्यांची संख्या वगैरे आठ मुद्द्यांची जी-8 नावाची छोटी चाचणी आहे, 17 पैकी. 14 किंवा कमी गुण आले तर सविस्तर तपासणी करायची असते. उपचार नाकारायचे नसतात. बाबांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला सांगा. बारा सेकंदांच्या आत जमत असेल तर नुसत्या वयाकडे बोट दाखवणं पटत नाही.

दुसरा प्रश्न: मधल्या काळात काय? गुदाशयात त्याला चांगलं उत्तर आहे. रोज 5 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), पाच दिवस रेडिएशन, आणि ऑपरेशन सहा ते आठ आठवड्यांनी. त्या काळात रोज अर्धा तास चालणं, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम, जेवणात डाळ-अंडी-दूध वाढवणं हे सगळं ऑपरेशनची तयारीच आहे. पोट फुगलं, उलट्या आणि गॅस सरणंही बंद झालं, तर आतडं अडलं आहे. तेव्हा लाटेचा विचार न करता कॅज्युअल्टी गाठायची.

तारीख मात्र लेखी मागा. बाबांच्या शेजारी राहणाऱ्या कुणाला तरी फाइलचे फोटो पाठवून ठेवा.

प्रश्न : केमो चालू असताना कोरोनाची लस घ्यावी का? (ठाणे)

घ्यावी, मिळेल तेव्हा. ऑपरेशनच्या आधी-नंतर आठवडाभर टाळा, म्हणजे ताप लसीचा की जखमेचा, हा घोळ होत नाही. रिटुक्सिमॅब (रक्ताच्या काही कर्करोगांवरचं औषध) घेणाऱ्यांत लसीचा असर कमी पडतो. शक्य तर त्या औषधाच्या आधी, नाहीतर शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनी. जून 2021 मध्ये कोव्हिशील्डचा दुसरा डोस 12 ते 16 आठवड्यांनी होता. स्तनाचा कर्करोग ज्या बाजूला, त्याच्या उलट्या दंडावर लस घ्या. लसीने काखेत गाठी सुजतात आणि सोनोग्राफीत त्या रोगाच्या वाटतात. पेट स्कॅन घाईचा नसेल तर लसीनंतर चार ते सहा आठवड्यांनी करा.