'स्टनिंग'मधला गडगडाट

'स्टनिंग' या इंग्रजी विशेषणाला मराठीत 'अतिसुंदर' म्हटलं तर चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. नाही चालणार! पैठणी स्टनिंग, केक स्टनिंग, परवा एका लग्नाच्या पंगतीत तर अळूची भाजीसुद्धा 'स्टनिंग' झाली होती. शब्दाचा एवढा चोथा झालेला मला ऐकवत नाही.

सौंदर्याचा अर्थ याला फार उशिरा चिकटला. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये रोझेटी आणि त्याचे चित्रकार मित्र देखण्या स्त्रीला 'स्टनर' म्हणायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी कित्येक शतकं 'स्टन' म्हणजे टाळक्यात दणका बसून भान जाणं.

आणि हा दणका आला आभाळातून! लॅटिनमध्ये 'तोनारे' म्हणजे मेघ गडगडणं. त्याला 'एक्स' उपसर्ग लागला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्तोनेर' झालं आणि तिथून इंग्रजीत स्टन, अस्टाउंड, अस्टॉनिश ही भावंडं आली. वळवाच्या पावसात डोक्यावर वीज कडाडली की चहाचा कप ओठांशी जाता जाता थांबतो, घरात क्षणभर कुणी बोलत नाही. तो क्षण म्हणजे स्टन.

या 'तोनारे'चा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'स्तन्' धातू, गर्जना करणं. स्तनित, स्तनयित्नु हे शब्द त्याचेच. मेघदूतातला यक्ष मेघाला सांगतो, उज्जयिनीत काळोख्या रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेनं वाट दाखव, पण 'तोयोत्सर्गस्तनितमुखर' होऊ नकोस, म्हणजे पाऊस पाडत गडगडू नकोस, बिचाऱ्या घाबरतील. म्हणजे कालिदासाचा यक्ष मेघाला 'स्टन करू नकोस' हेच विनवतोय! इंग्रजी 'थंडर'ही याच कुळातला.

'अस्टॉनिश' म्हणजे 'स्टोन', दगड होणं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा तरी कोश उघडावा. 'स्तंभित'शी नातं जोडणाऱ्यांनीही. तो 'स्तम्भ्' धातू, खांबासारखं रोवून ठेवणारा. त्यात आवाज कुठे आहे? काही कोशकार 'स्टन' हा फ्रेंचमधून न आणता जुन्या इंग्रजीतल्या 'स्तुनिअन्'वरून आणतात. मला ते पटत नाही, पण त्याचाही अर्थ दणदणाट करणं असाच आहे, म्हणजे गडगडाट काही सुटत नाही.

हां, ताईंचा प्रश्न. पैठणीला 'डोळे दिपवणारी' म्हणा, डोळे विजेनंच दिपतात. अनपेक्षित विजय 'थक्क करणारा', अपघाताची बातमी 'सुन्न करणारी'. अळूची भाजी फक्कड.