डॉलर ब्रँड आणि अब्दुल्ला इब्राहिम हे दोघं एकच का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

हो, एकच माणूस. साउथ आफ्रिकेतला पियानिस्ट, जन्म केपटाउनचा, 1934 चा, आधी डॉलर ब्रँड म्हणून ओळखला जायचा, मग 1968 च्या सुमारास इस्लाम स्वीकारला आणि नाव बदललं. म्हणून जुन्या रेकॉर्डवर एक नाव दिसतं, नव्यावर दुसरं.

1959 मध्ये ट्रम्पेटवाला ह्यू मासेकेला, सॅक्सोफोनवाला किपी मोकेत्सी वगैरे मंडळींसोबत जॅझ एपिसल्स नावाचा बँड केला, भारी बँड होता पण फार टिकला नाही, कारण 1960 ला शार्पव्हिलचा गोळीबार झाला (पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळ्या झाडल्या) आणि वर्णभेदी सरकारने असं काही आवळलं की बरेच कलाकार देशच सोडून गेले. हा झुरिकला गेला. तिथे त्याची गायिका मैत्रीण (पुढे बायको) साथिमा बी बेंजामिन हिने 1963 मध्ये थेट अमेरिकन जॅझचा दिग्गज ड्यूक एलिंग्टन याला गाठून याचं वादन ऐकायला आणलं, आणि एलिंग्टनने लगेच पॅरिसमध्ये रेकॉर्डिंग करून दिलं. माझ्या मते याच्या करिअरचं निम्मं श्रेय तिचं आहे, पण तिचं नाव कोणी घेत नाही.

सुरुवात 'मॅननबर्ग' पासून कर. 1974 चं, केपटाउनमध्ये रेकॉर्ड केलेलं, तेरा मिनिटांच्या वर आहे, बेसिल कुत्सीचा सॅक्सोफोन ऐकच. शब्द एकही नाही तरी वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीचं गाणं झालं ते. 1994 ला मंडेलांच्या शपथविधीला पण त्याने वादन केलं. नंतर त्याचं सोलो पियानो ऐक, रात्री, हेडफोन लावून.